पाऊण रुपयाची चार उत्तरे

संगणकावर घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांत गाळलेल्या जागी संख्या भरायला सांगणारा प्रश्न दिसायला सर्वांत साधा आणि तपासायला सर्वांत किचकट असतो. चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची असली की यंत्राला ती खूण कुठे आहे एवढेच पाहावे लागते, आणि निबंध असला की तो तपासायला माणसाकडे जातो. पण रिकाम्या चौकटीत एकाने ७, दुसऱ्याने ७.००, तिसऱ्याने ६.९९ आणि चौथ्याने ‘७ मीटर’ असे लिहिले, तर त्यांपैकी कोणाला गुण द्यायचे हे कोणीतरी आधीच ठरवून यंत्राला सांगून ठेवावे लागते. खऱ्या उत्तरापासून किती दूर गेलेले उत्तर चालवून घ्यायचे याच्या मर्यादेला येथे ‘तफावतीची मुभा’ म्हटले आहे. ही मुभा संगणकाने जन्माला घातली असे अनेकांना वाटते, पण ती धान्याच्या मापात, नाण्यांच्या बाजारात आणि खाणीच्या प्रयोगशाळेत पूर्वीपासून होती. शाळेच्या परीक्षेने तिला तपासनिसाच्या मर्जीवर सोडले आणि यंत्र आल्यावर ती पुन्हा कागदावर मांडणे भाग पडले. उत्तर गोव्यातील डिचोली तालुक्यातले शिरगाव आणि त्याभोवतीचा डिचोली-पेडण्याचा पट्टा हा प्रवास पाहण्यास विशेष सोयीचा आहे, कारण येथे मोजण्याच्या आणि लिहिण्याच्या पद्धती इतक्या वेळा बदलल्या की एकाच गणिताचे उत्तर पिढीगणिक बदलत गेले.

शिरगावची ओळख दोन गोष्टींनी आहे: लईराई देवीची वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा, जिच्यात व्रतस्थ धोंड होमकुंडातून जातात, आणि गावाच्या अंगणापर्यंत येऊन ठेपलेल्या लोहखनिजाच्या खाणी. हा भाग ‘नवी काबिजाद’ म्हणून ओळखला जातो. तिसवाडी, बार्देस आणि साष्टी हे जुन्या काबिजादीचे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले होते. डिचोली १७८१च्या सुमारास आणि पेडणे १७८८मध्ये, सावंतवाडीकर सावंतांकडून, त्यांच्या अमलाखाली आले. तोवर पोर्तुगीज सत्तेचा धर्मांतराचा जोर ओसरला होता, त्यामुळे येथील देवस्थाने, वतने आणि त्यांची दप्तरे फारशी विस्कटली नाहीत, आणि हिशेबाची भाषा मराठी व लिपी मोडी राहिली. मुलांना अक्षरओळख आणि आकडेमोड शिकवण्याचे काम ‘शेणवीमामा’ करीत. एखाद्या जमीनदाराच्या ओसरीवर किंवा देवळाच्या अग्रशाळेत ते मुले जमवीत, आणि त्यांच्या शिकवणीचा गाभा घाटावरच्या पंतोजीच्या शाळेसारखाच होता.

त्या शिकवणीत परीक्षा तोंडी होती. पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे पाठ असत: पावकी म्हणजे पावाचा, निमकी म्हणजे अर्ध्याचा, पाऊणकी म्हणजे पाऊणचा, तसेच सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी. संध्याकाळी परवचा म्हणताना ‘सतरा पाऊण’ असे विचारले की मुलाच्या तोंडून ‘पावणेतेरा’ असे उत्तर यावे लागे. लिहिताना पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन आणि पाऊणसाठी तीन रेघा, त्यांतली तिसरी किंचित सुटी, अशी खूण असे, आणि सगळी व्यवस्था सोळाच्या पटींवर उभी होती. या पद्धतीत दशांश नव्हते, त्यामुळे उत्तर किती स्थळांपर्यंत द्यायचे हा प्रश्न उद्भवतच नव्हता. सर्वांत लहान नाणे किंवा सर्वांत लहान माप जेथे संपे तेथे उत्तर संपे, आणि त्याखाली उरलेले कोणी कोणाला सोडायचे हे व्यवहारात ठरे. आजच्या संगणकाला दहा ओळींचे नियम देऊन जे शिकवावे लागते ते त्या व्यवस्थेत नाण्यानेच ठरवून टाकलेले होते, हे मान्य करायला हवे.

अडचण होती ती नाणीच बदलत राहिल्याची. ‘पाऊण रुपया म्हणजे किती?’ हा गाळलेल्या जागेचा साध्यात साधा प्रश्न घेतला, तरी त्याचे उत्तर डिचोलीच्या बाजारात एकच कधी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातला रुपया, म्हणजे पोर्तुगीज दप्तरातली ‘रुपिया’, सोळा टांगांचा होता आणि एक टांग साठ रैसांचा. म्हणून उत्तर १२ टांग किंवा ७२० रैस असे दोन तऱ्हांनी देता येई, आणि सावंतवाडीकडून येणाऱ्या ब्रिटिश हिंदी रुपयात तेच १२ आणे होत. १९५८च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने रुपिया बंद करून सहा एस्कुदोंना एक रुपिया या दराने एस्कुदो चालू केला, तेव्हा तीच रक्कम साडेचार एस्कुदो झाली. ती लिहिण्याची पद्धतही वेगळी होती, कारण पोर्तुगीज लिखाणात एस्कुदो आणि सेंताव्ह यांच्यामध्ये दशांशचिन्हाच्या जागी डॉलरसारखी खूण येई आणि रक्कम ४$५० अशी दिसे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर भारतीय चलन आले आणि उत्तर ७५ नये पैसे झाले. मुक्तीच्या वेळी पन्नाशीत असलेल्या एखाद्या पेडणेकर दुकानदाराने ही चारही उत्तरे बरोबर म्हणून लिहिलेली असणार. एककाशिवाय लिहिलेला आकडा म्हणजे अर्धे उत्तर, हे अशा प्रदेशात कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

धान्याच्या मापात मुभा आणखी उघड होती. गोव्यात वीस कुडवांची एक खंडी आणि वीस खंडींचा एक कुंभ असे कोष्टक चाले. घाटावरची खंडी वीस मणांची असल्याने एकच नाव दोन बाजूंना दोन वेगळ्या परिमाणांना लागे. त्यातही माप शीग लावून भरायचे की वरून हात फिरवून सपाट करायचे यावर एकाच कुडवात जाणारे भात कमीजास्त होई, आणि खंड घेताना एक रीत व कर्ज फेडताना दुसरी असेही घडे. पोर्तुगालने मेट्रिक पद्धत कायद्याने १८५२मध्येच स्वीकारली होती, पण नव्या काबिजादीतल्या खळ्यांवर तिला पोहोचायला शंभर वर्षे लागली. शीग हा अंदाज असला तरी मनमानी नव्हती: दोन्ही पक्षांना ती आधी ठाऊक असे, आणि वाद झालाच तर तो शीग किती उंच यावर होई, शीग असावी की नाही यावर सहसा होत नसे.

शास्त्रीय ग्रंथांतही एका प्रश्नाला दोन उत्तरे देण्याची परंपरा होती. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त वर्तुळाचा परीघ काढण्याचे दोन नियम शेजारी शेजारी दिले आहेत. व्यासाला ३९२७ने गुणून १२५०ने भागले की सूक्ष्म परीघ मिळतो, आणि २२ने गुणून ७ने भागले की व्यवहारापुरता स्थूल परीघ मिळतो. व्यास ७ असेल तर पहिल्या नियमाने उत्तर २१ पूर्णांक १२३९ छेद १२५०, म्हणजे २१.९९१२, आणि दुसऱ्याने नेमके २२. दोन्ही उत्तरे ग्रंथकाराला मान्य आहेत आणि कोणते कशासाठी हेही त्याने सांगितले आहे. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७चा शिलालेख आहे, तेव्हा हे स्थूल-सूक्ष्माचे भान मराठी मुलखात शिकवले जात होते असे म्हणण्यास हरकत नाही. दोन्ही उत्तरांतला फरक ०.०४ टक्के आहे, आणि हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाने जी मुभा सर्रास मान्य केली तिच्यात तो सहज बसतो.

पोर्तुगीज शाळांनी या भागात वेगळा लेखनसंकेत आणला. प्राथमिक शिक्षणाच्या दोन टप्प्यांच्या शेवटी पहिल्या आणि दुसऱ्या ‘ग्राव’ची परीक्षा होई, पणजीचे लिसेव, म्हणजे सरकारी माध्यमिक विद्यालय, १८५४मध्ये सुरू झाले, आणि तेथे गुण शंभरांपैकी न देता शून्य ते वीस या श्रेणीत देत. पोर्तुगीज पुस्तकांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम आणि हजारांचे गट दाखवायला टिंब वापरतात. त्यामुळे १,२५० म्हणजे तिथे सव्वा, तर इंग्रजी वळणाच्या पुस्तकात बाराशे पन्नास. ज्या घरांत एक मुलगा पणजीला लिसेवात आणि दुसरा मॅट्रिकसाठी बेळगाव किंवा मुंबईकडे शिकत असेल, तेथे एकाच आकड्याचे हजारपट अंतराचे दोन अर्थ एकाच छताखाली नांदत होते. माणूस संदर्भ पाहून हा गोंधळ क्षणात सोडवतो, त्यामुळे त्या काळी याची कोणी फिकीर केली नाही.

मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि शालान्त परीक्षेसाठी गोव्याची मुले १९७५मध्ये स्वतःचे मंडळ स्थापन होईपर्यंत महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाकडे जात राहिली. याच सुमारास देशभर परीक्षासुधारणेचे वारे होते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९५०च्या दशकाच्या अखेरच्या भारतभेटीनंतर वस्तुनिष्ठ प्रश्नांना महत्त्व आले आणि ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रकार प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर कायमचा बसला. गणितातली अशी जागा तपासताना माणूस किती गोष्टी न बोलता करतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. उच्च माध्यमिकच्या भौतिकशास्त्रात चार अंकी लॉग कोष्टके वापरायची असत. तीन-चार संख्यांचा गुणाकार-भागाकार केला की शेवटचा अंक एखाद्या घराने इकडेतिकडे होणारच, म्हणून अनुभवी तपासनीस तो फरक पाहून न पाहिल्यासारखे करी. एकक लिहिले नसेल तर अर्धा गुण कापायचा, रीत बरोबर असून बेरीज चुकली असेल तर पायरीचे गुण द्यायचे, अशा प्रथा नमुना उत्तरपत्रिकेत थोड्या आणि तपासणी केंद्रावरच्या बोलण्यात जास्त असत. ती व्यवस्था उदार होती, पण तिची उदारता सगळ्यांच्या वाट्याला सारखी येईलच याची हमी नव्हती.

शिरगावात मात्र याच काळात गावाच्या वेशीवर दुसरी एक परीक्षा रोज चाललेली होती, आणि तिच्यात मर्जीला जागा नव्हती. गोव्याच्या लोहखनिजाची निर्यात १९५०च्या दशकात, मुख्यतः जपानकडे, जोमाने वाढली. हे खनिज ट्रकने नदीकाठी, तिथून बार्जने मुरगाव बंदरात आणि तिथून जहाजाने परदेशी जाई, आणि त्याची किंमत एका अंकी उत्तरावर ठरे: मालात लोह किती टक्के? हे उत्तर काढण्याची रीत ठरलेली आहे. ढिगातून ठरावीक अंतराने थोडे थोडे खनिज उचलून नमुना करतात, तो दळून, पुन्हा पुन्हा विभागून, शेवटी चिमूटभर भुकटीपर्यंत आणतात आणि सुमारे १०५ अंश सेल्सियसला सुकवतात. ती भुकटी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात, स्टॅनस क्लोराइड घालून त्यातल्या लोहाचे क्षपण करतात, म्हणजे ते लोह खालच्या संयुजेच्या अवस्थेत आणतात, आणि मग काचेच्या ब्युरेटमधून पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. दर्शक म्हणून घातलेल्या रसायनामुळे हिरवट द्रावण ज्या थेंबाला जांभळे होते तेथे हात थांबवायचा आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. एक थेंब जास्त पडला तरी शेवटचा दशांश हलतो.

तो हलणार हे खनिजाच्या व्यापाराने आधीच गृहीत धरले आहे. लोहमापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकातच एका प्रयोगशाळेत एकाच नमुन्याच्या दोन चाचण्यांत किती फरक चालेल आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांत किती, याचे निकष दिलेले असतात. विक्रीच्या करारांत त्यापुढची पायरी लिहिलेली असते: माल चढवताना विकणाऱ्याच्या बाजूने काढलेला आकडा आणि उतरवताना घेणाऱ्याच्या बाजूने काढलेला आकडा ठरलेल्या मर्यादेत असतील तर दोहोंची सरासरी धरायची, आणि मर्यादेबाहेर गेले तर राखून ठेवलेला तिसरा नमुना पंच प्रयोगशाळेकडे पाठवायचा. वजनाचेही तसेच. जहाज पाण्यात किती बुडाले यावरून मालाचे वजन काढतात आणि त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास तफावत धरून चालतात. ज्या परीक्षेत लाखो रुपये पणाला लागतात तिथे बरोबर उत्तर म्हणजे एक पट्टा असतो आणि पट्ट्याबाहेरच्या उत्तराचे काय करायचे हेही ठरलेले असते. ज्या परीक्षेत एक गुण पणाला लागतो तिथे एवढा विचार झाला नाही, ही गोष्ट शिक्षणव्यवस्थेला फारशी भूषणावह नाही.

सरकार मध्ये आले की मात्र हा पट्टा नाहीसा होतो. लोहाचे प्रमाण ५८ टक्क्यांहून कमी असलेल्या खनिजावरचे निर्यातशुल्क २०१६मध्ये काढून टाकण्यात आले आणि त्याहून वरच्या खनिजावर ३० टक्के शुल्क राहिले. २०२२च्या मे महिन्यात ते सर्वच खनिजावर ५० टक्के झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पूर्ववत करण्यात आले. अशा नियमात ५७.९ आणि ५८.१ यांच्यात रसायनाच्या दृष्टीने फारसे अंतर नसले तरी कराच्या दृष्टीने शून्य आणि तीसचे अंतर असते. त्याहून मूलभूत वाद होता तो टक्केवारी कशाची काढायची याचा. खनिजात ओलावा असतो. सुकवलेल्या भुकटीत लोह ५९ टक्के निघाले आणि मूळ मालात ओलावा ८ टक्के असला, तर ओल्या वजनावर तेच प्रमाण ५४.२८ टक्के होते. गोव्यातल्या एका निर्यातदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ओले वजन धरून प्रमाण काढावे असा निर्णय दिला, आणि सीमाशुल्क खात्याने फेब्रुवारी २०१२च्या परिपत्रकाने तीच रीत देशभर लागू केली. एकच ढीग, एकच भुकटी, एकच ब्युरेट. आणि दोन बरोबर उत्तरे, ज्यांतले एक उंबरठ्याच्या अलीकडे आणि दुसरे पलीकडे. त्याच वर्षी गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, त्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानंतर सुरू झाल्या आणि २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. शिरगाव-मये खाणपट्ट्याचा लिलाव २०२२च्या डिसेंबरात झाला. आता सरकारचा हिस्साही ५५ ते ५८, ५८ ते ६० अशा प्रतवारीच्या टप्प्यांप्रमाणे जाहीर होणाऱ्या सरासरी भावावर मोजला जातो, म्हणजे उंबरठे एकाचे अनेक झाले आहेत.

आकडा कुठे तोडायचा याचाही सरकारी नियम या देशात फार पूर्वीपासून आहे, आणि तो शाळेत शिकवल्या जाणाऱ्या नियमाहून वेगळा आहे. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राष्ट्रध्वजाचे मानक आहे आणि दुसऱ्या क्रमांकावर संख्या पूर्णांकित करण्याचे, म्हणजे नको असलेले शेवटचे अंक गाळून जवळची संख्या घेण्याचे. ते १९४९मध्ये निघाले आणि १९६०मध्ये सुधारले गेले. गाळायचा भाग नेमका पाच असेल तर उरणारा अंक सम राहील असे करावे, असा त्यातला दंडक आहे, कारण दर वेळी वरच चढवत गेले की शेकडो नोंदींच्या बेरजेत आकडा फुगतो. शाळा मात्र पाच आला की वर चढवायला शिकवते. त्यामुळे २.३४५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायची झाली तर मानकाप्रमाणे २.३४ आणि क्रमिक पुस्तकाप्रमाणे २.३५ येते, आणि ही दोन्ही उत्तरे देणारी माणसे एकाच गावात, एक प्रयोगशाळेत आणि एक वर्गात, काम करीत असतात.

यंत्राने उत्तर तपासण्याचा इतिहास सुरू होतो तो खुणा वाचण्यापासून. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमने पेन्सिलच्या खुणा विजेने ओळखणारे यंत्र बाजारात आणले, पण संख्या समजून घेणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. ते काम प्रथम गांभीर्याने केले ते इलिनॉय विद्यापीठात १९६०मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या शिक्षणयंत्रणेने. तिच्यासाठी त्याच दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या ‘ट्यूटर’ या संगणकभाषेत अंकी उत्तर तपासण्याची स्वतंत्र आज्ञा होती, आणि तिच्यात अपेक्षित संख्येपुढे मुभा किती हे शिक्षकाने लिहायचे असे. मुभा हा प्रश्नाचाच एक भाग झाला, हा बदल किती मोठा होता हे त्याआधीच्या लॉग कोष्टकांच्या प्रथेशी ताडून पाहिले म्हणजे कळते.

मुभा देणे ही यंत्रासाठी दयाबुद्धीची बाब नव्हती, ती गरज होती. संगणक संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांत साठवतो, आणि या पद्धतीत एकदशांश ही संख्या नेमकी लिहिताच येत नाही, जशी दशांश पद्धतीत एकतृतीयांश नेमकी लिहिता येत नाही. १९८५मध्ये ठरलेल्या आणि आज सर्वत्र चालणाऱ्या मानकाप्रमाणे संगणकाने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की उत्तर ०.३ला तंतोतंत जुळत नाही, सतराव्या दशांश स्थळी चाराचे शेपूट राहते. मुभा शून्य ठेवली तर बरोबर उत्तर लिहिणारा विद्यार्थीसुद्धा अशा परीक्षेत चुकू शकतो. म्हणून १९९०च्या दशकात रोचेस्टर विद्यापीठात तयार झालेल्या ‘वेबवर्क’ या गृहपाठ-प्रणालीने, शिक्षकाने मुभा सांगितली नसेल तेव्हा, एकदशांश टक्का तफावत चालवून घ्यायचे ठरवले; लीलावतीतली दोन्ही उत्तरे तिथे पूर्ण गुण मिळवतील. २००२मध्ये आलेल्या आणि भारतातल्या अनेक महाविद्यालयांत रुळलेल्या ‘मूडल’ने मुभा ठोक आकड्यात द्यायची की टक्केवारीत, एकक तपासायचे का आणि चुकल्यास किती गुण कापायचे, हे सगळे प्रश्न तयार करणाऱ्यापुढे ठेवले. तपासणी केंद्रावर चहाच्या वेळी ठरणाऱ्या गोष्टी आता अर्जाच्या रकान्यांत भराव्या लागू लागल्या, आणि बहुतेकांनी ते रकाने रिकामे सोडले.

भारतातल्या मोठ्या परीक्षांपैकी अभियांत्रिकी पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘गेट’ने हा प्रश्न सर्वांत समंजसपणे हाताळला. तिच्या अंतिम उत्तरसूचीत अंकी उत्तर ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ अशा दोन टोकांनी छापलेले असते. खनिजाच्या करारातला पट्टा येथे सर्वांसमोर येतो आणि त्यावर हरकतही घेता येते. आयआयटी प्रवेशाच्या ‘जेईई अॅडव्हान्स्ड’ला हा शहाणपणा ठेच लागून आला. २०१८च्या प्रश्नपत्रिकेत अंकी उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत तोडून किंवा पूर्णांकित करून लिहावे अशी सूचना होती आणि उदाहरणांत ७.०० असे लिहिलेले होते. परीक्षा झाल्यावर ती घेणाऱ्या कानपूरच्या संस्थेने खुलासा केला की उत्तर ११ असेल तर ११, ११.० आणि ११.०० ही तिन्ही बरोबर, आणि उत्तर ११.३६७७७… असे असेल तर ११.३६ ते ११.३७ यांमधले काहीही बरोबर. गणिताच्या दृष्टीने खुलाशात खोट काढता येत नाही. पण सूचना पाळून शून्ये भरणाऱ्यांचे म्हणणे असे की त्यांना पाळलेल्या शिस्तीचे श्रेय मिळाले नाही, आणि हा वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. खुलासा परीक्षेआधी झाला असता तर त्याला वादाचे रूप आले नसते. शिगेचा करार मोजणीआधी होतो, नंतर होत नाही.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्यांनी ‘मूडल’चे नावही ऐकले नव्हते अशा शिक्षकांवर रातोरात चाचण्या तयार करण्याची वेळ आली. बहुतेकांच्या हाताशी गूगल फॉर्म्स होते. त्यातली लघुत्तराची चौकट लिहिलेले अक्षर न् अक्षर ताडून पाहते. तिच्या लेखी ०.५ आणि .५ ही दोन वेगळी उत्तरे, आणि ‘५० सेमी’ व ‘५०सेमी’ हीही वेगळी. मराठी माध्यमाच्या खालच्या इयत्तांत अंक देवनागरीत शिकवले जातात, आणि संगणकाच्या युनिकोड या वर्णसंचात देवनागरी ७ला आंतरराष्ट्रीय सातापेक्षा निराळा क्रमांक आहे. तेव्हा पुस्तकात शिकवल्याप्रमाणे लिहिणारे मूल शिक्षकाने उत्तरसूची कोणत्या कळफलकावर टंकली यावर पास किंवा नापास होऊ शकत होते. यावर उपाय अवघड नाही. शिक्षकाने सगळी संभाव्य रूपे उत्तरसूचीत भरून ठेवायची. पण एका उत्तराची दहा रूपे वीस प्रश्नांसाठी लिहीत बसण्यापेक्षा उत्तरे हाताने तपासणे पुष्कळांना सोपे वाटले, आणि ते खरेही होते.

‘जेईई मेन’ने या सगळ्यातून सुटण्याचा निराळाच मार्ग काढला. २०२०मध्ये तिच्यात अंकी उत्तरांचे प्रश्न आले आणि लवकरच उत्तर जवळच्या पूर्णांकात लिहावे असा नियम झाला. टिंब गेले, शून्ये गेली, स्वल्पविरामाचा घोळ गेला आणि तपासणी निर्वेध झाली. दशांश मात्र गेले नाहीत, ते प्रश्नाच्या शेपटाशी जाऊन बसले: द्रावणाची तीव्रता ‘क्ष गुणिले दहाचा ऋण दुसरा घात’ असेल तर क्ष किती, अशा घडणीचे प्रश्न आता नेहमीचे झाले आहेत. मुभाही गेलेली नाही, कारण जवळचा पूर्णांक म्हणजे दोन्ही बाजूंना अर्ध्याची सूट. उत्तर ३ असेल तर खरी संख्या अडीचपासून साडेतीनपर्यंत कुठेही चालते, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांची तफावत माफ होते, आणि उत्तर ३०० असेल तर जेमतेम ०.१७ टक्क्याची. कोणत्या विद्यार्थ्याला केवढी सूट मिळणार हे या परीक्षेत उत्तराच्या आकारावर ठरते, आणि उत्तराचा आकार ठरतो प्रश्न काढणाऱ्याने दहाचा कितवा घात बाहेर काढला यावर.